दुसरी चूल

नव्या कायद्याने एका कुटुंबाला ठरावीकच जमीन ठेवता येणार होती. उरलेली जमीन ती कसणाऱ्या कुळांना जायची. मालक संघाचे अध्यक्ष या कायद्याविरुद्ध सभा गाजवत होते. घरात मात्र त्यांनी गुपचूप मधोमध भिंत घालून घेतली. मुलगा वेगळा निघाला, त्याची चूल वेगळी, म्हणून निम्मी जमीन त्याच्या नावावर, असे दाखवायचे होते. सोंग उघडे पडले असते, तर ती निम्मी जमीन हातची जाणार होती.

तपासणी अधिकारी भिंतीपलीकडे गेले, तसे अध्यक्षही मागोमाग गेले. अधिकाऱ्यांनी भांड्यावरचे झाकण उचलले, भिंतीवर बोट टेकवले.

"गिलावा अजून ओला आहे."

"गिलावा ओला आहे साहेब, भांडण जुनं आहे," सून म्हणाली. "सासूबाईंना आळणी लागतं, मला खारट."

अधिकारी हसले. "घरोघरी मातीच्या चुली. तुमच्याकडे दोन, एवढंच." त्यांनी शेरा लिहिला आणि ते निघाले. फाटकाशी त्यांची गाडी सुरू होईना. चालक इंजिनात डोके खुपसून उभा राहिला.

आत अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. "सूनबाई, बाजी मारलीस. आठवडाभराने भिंत पाडू."

"मामंजी, भिंत राहू द्या."

"अगं, सोंग संपलं."

"तुमचं संपलं असेल."

अध्यक्षांनी मुलाकडे पाहिले. तो नखाने ओला गिलावा टोकरत होता.

"तुझ्या तोंडाला काय कुलूप आहे?"

"बाबा, जमीन माझ्या नावावर आहे. ती कुणी कसायची ते आता मी ठरवीन."

"बापालाच लुबाडतोस?"

"मालकाच्या हक्कात कुणी ढवळाढवळ करू नये, असं तुम्हीच सांगता ना सभेत?"

अध्यक्षांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "साहेब अजून फाटकातच आहेत. सांगायचं तर सांगून टाका खरं."

अध्यक्ष ताडकन उठले. खरे सांगावे, तर जमीन कुळांची. गप्प राहावे, तर मुलाची. इकडे आड, तिकडे विहीर. अंगण ओलांडून ते फाटकाशी पोहोचले आणि गाडी सुरू झाली.

"काही राहिलं का?" अधिकाऱ्यांनी काच खाली करून विचारले.

अध्यक्षांनी फाटकाचा गज घट्ट धरला.

"एवढंच सांगायचं होतं," ते म्हणाले, "मुलाकडे काम असलं, तर पुढच्या वेळी पलीकडच्या दाराने या. ते घर त्याचं आहे."