पूजेला न गेलेली फ्लॉपी

काळ्या पाकिटातली चपटी चकती म्हणजे मी. कॉम्प्युटरमधलं सगळं पोटात ठेवणारी दुसरी प्रत. दिसायला किरकोळ, म्हणून कुणी मला मनावर घेत नाही; पण आज मी बोलणारच.

१९८६ साली मी सातपूरच्या एका कारखान्यात आले. त्रेसष्ट हंगामी कामगारांची हजेरी माझ्यात भरलेली. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस कायम, असा तिथला करार होता.

कॉम्प्युटर सांभाळायच्या लताबाई. बोलायला मऊ, पण हट्टाला पक्क्या. मशीन जळालं तर काय करायचं, हे त्यांनी कागदावर लिहून काढलं होतं. एक प्रत कायम कारखान्याबाहेर ठेवायची आणि अंबडच्या ओळखीच्या कंपनीतल्या मशीनवर ती अधूनमधून चालवून बघायची. मॅनेजर गोरक्षसाहेब हसले. "बाई, लग्नातच बाराव्याची यादी करताय की!"

तरी दर शनिवारी ताजी हजेरी भरून बाई मला सिडकोतल्या घरी न्यायच्या. तिथे सासूबाई भिमाबाई मला चुलीपासून लांब, कपाटात जपायच्या.

खंडेनवमी आली. साहेबांनी फर्मावलं, "सगळी हत्यारं पूजेला मांडा. घरची फ्लॉपीही आणा. ती एकटीच बिनपूजेची कशाला?"

"साहेब, सगळ्या फ्लॉप्या एका जागी आल्या तर दुसरी प्रत ठेवून उपयोग काय? तिला हळदकुंकू मी घरीच वाहीन."

"देवाच्या कामात नियम काढता?" साहेब भडकले. बाई बधल्या नाहीत. खरं सांगते, मला राग आला. कारखान्यातल्या माझ्या फ्लॉपी-बहिणींना झेंडूच्या माळा आणि मी कपाटात!

त्या दुपारी कॉम्प्युटरच्या खोलीत पूजा करून सगळे जेवायला गेले. समई कलंडली, खिडकीचा पडदा पेटला. माणसं वाचली, पण मशीन, माझ्या बहिणी आणि त्याच खोलीतली वर्षभराची हजेरीकार्डं जळून गेली.

देवळ्याहून आलेला कोंडाजी फाटकाशी उभा होता. "बाई, दोनशे छत्तीस दिस भरले व्हते माझे. जळाले का?"

"नाही जळाले. माझ्या घरी आहेत," बाई म्हणाल्या.

दसऱ्याची सुट्टी संपताच आम्ही अंबडच्या त्या कंपनीत गेलो. पहिल्यांदा मी अडखळले. बाईंनी मला काढलं, नीट बसवलं. या खेपेला मी जीव एकवटून फिरले आणि एकेक नाव मशीनच्या पडद्यावर आलं. साहेब मागेच उभे होते. "बाई, चुकलो," एवढंच म्हणाले. आठवड्याभरात कोंडाजी कायम झाला.

आता १९८९ उजाडलंय. लताबाई पुण्याला गेल्या. नव्या साहेबांनी मला हाताशी बरी म्हणून मशीनशेजारच्या खणात ठेवलंय. माझ्यात आता एक्केचाळीस नवी माणसं आहेत. साळूबाईचे दोनशे एकोणचाळीस दिवस भरलेत. मला पूजा नको, माळ नको. आज सुट्टी झाली की कुणीतरी मला खिशात घाला आणि या फाटकाबाहेर न्या.