केळीच्या खोलीतला आकडा

मार्केट यार्डाजवळच्या त्या गाळ्यात केळी पिकवायची एक बंद खोली होती आणि तिचा नियम एकच: दार लावण्याआधी आत तोंड घालून तीन हाका मारायच्या. उगीच नव्हे. केळीसुद्धा श्वास सोडतात हो! आतली हवा कार्बन डायऑक्साइडनं जड होते, दार आतून उघडत नाही, आणि माणूस अडकला तर निजल्याजागी संपतो.

गेल्या एप्रिलात गेनबा हमाल तसाच संपला. त्रेचाळीस अंश, तेही पुण्यात! वरचा पत्रा तव्यासारखा तापलेला, म्हणून बिचारा दुपारी गार खोलीत क्रेटांमागे आडवा झाला. खोली सांभाळणाऱ्या ज्ञानदेवनं दार लावलं. "तीन हाका मारल्या साहेब, ओ आली नाही," असं त्यानं पोलिसांना सांगितलं.

साफ खोटं. उन्हानं डोकं भणभणत होतं, त्यानं एकही हाक मारली नव्हती.

यंदा तर उन्हाळा फेब्रुवारीतच येऊन बसला. ज्ञानदेवची लेक तनुजा जेवताना म्हणाली, "बाबा, तुमच्या खोलीत साठतो तोच वायू गाड्यांमधून, कारखान्यांमधून वर साठत चाललाय, म्हणून एवढं तापतंय. अख्ख्या जगाचीच तशी बंद खोली झालीये." तो ताटावरून उठला.

त्यात दाराबाहेरचा तो मीटर, आतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा. खोली रिकामी, धुऊन काढलेली. आकडा बाहेरच्या साध्या हवेसारखा चारशेच्या आसपास गप बसायला हवा की नको? पण दुपारचे दोन वाजले की चढायला लागायचा. पाचशे. सातशे. नऊशे. मीटर बदलला, तरी तेच. आत कुणीतरी श्वास घेत होतं.

गेनबाची बायको सोजरबाई तिथंच केळी निवडायची. एका दुपारी ती हातातलं काम टाकून त्याच्यापुढं उभी राहिली.

"दादा, त्यांची झोप लई सावध. तुमी तीनदा हाक मारली, तरी ओ दिली न्हाय. त्या सकाळी आमचं भांडान झालं हुतं. मी म्हनले, परत तोंड दावू नका. म्हनून तर गप ऱ्हायले न्हाईत ना वो?"

अरे देवा! नवऱ्यानं आपल्यावरच्या रागापायी जीव दिला, असं समजून ही बाई वर्षभर आतल्या आत जळत होती. ज्ञानदेवला भडभडून आलं. नोकरी जाईल, पोलीस येतील; गेलं सगळं खड्ड्यात!

"वहिनी, मी हाक मारलीच नव्हती," तो म्हणाला. "एकसुद्धा नाही. तसंच दार लावलं."

सोजरबाईनं शिव्या दिल्या नाहीत, ती रडलीही नाही. मीटरवर बाराशेचा आकडा होता. ती दाराच्या जाड पत्र्यावरून हात फिरवत राहिली.

"मंग त्यांनीच आतनं हाका मारल्या असत्याल," ती म्हणाली. "तवा तुमी कुटं हुता?"

ज्ञानदेव इथंच होता. याच दाराबाहेर, स्टुलावर, घरघरणारा पंखा मोठा करून बसला होता.