कुंकवाने माखलेली सायकल

मित्रांनो, मी एक म्हातारी सायकल आहे. वय विचाराल तर उणीपुरी तीन वर्षे. पण सार्वजनिक म्हणून जन्माला आले की म्हातारपण लवकर गाठते. छावणीच्या स्टँडवर मला उभे केले तेव्हा फीत कापली, साहेबांनी माझ्यावर बसून फोटो काढले. आठवडाभरात माझ्या टोपलीत गुटख्याच्या पुड्या, उष्टा वडापाव आणि एकदा तर वापरलेले डायपर पडले. हँडलवरून ओघळणारी ती लाल पिचकारी! टाकणारे सगळे शिकलेसवरलेले, इस्त्रीच्या कपड्यांतले.

द्वारकाबाई मात्र वेगळ्या. त्या वाळूजच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. पहाटे यायच्या, पदराने सीट पुसायच्या, माझ्यावर चिकटवलेला कागदी कोड मोबाईलने स्कॅन करायच्या. कुलूप खट्कन उघडायचे आणि आम्ही दोघी सहाची कंपनीची बस गाठायला नगर नाक्याकडे सुटायचो. तेवढा वेळ मला जन्माचे चीज झाल्यासारखे वाटायचे.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आप्पासाहेब नावाच्या निवृत्त गृहस्थांनी मला फिरवले आणि थेट आपल्या इमारतीच्या जिन्याखाली आणून लावले. माझे कुलूप लावले आणि वर स्वतःची साखळी घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला धुतले, झेंडूचा हार घातला. खरे सांगते, मी हरखले होते. मग त्यांनी तेलात कालवलेल्या कुंकवाने स्वस्तिक काढले, नेमके कोडवर.

"अहो, ही सगळ्यांची हाय. नेऊन लावा तिथं," त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणाल्या.

"सगळ्यांची म्हंजी आपली नाय का? तिथं लोकं थुंकत्यात तिच्यावर."

थुंकतात, हे खरेच. पण त्या थुंकणाऱ्यांइतकीच मला या माणसाचीही किळस आली.

इकडे स्टँड रिकामा. द्वारकाबाईंची बस दोनदा चुकली. तिसऱ्या पहाटे मोबाईलच्या नकाशावर माझा ठिपका पाहून त्या धापा टाकत जिन्याशी आल्या.

"काका, सोडा वो तिला. आज बस चुकली तं सुपरवायझर कामावरून काढणार हाय मला."

"पूजेची वस्तू हाय बाई, अशी लगेच हलवू नाय," आप्पासाहेब दात घासत म्हणाले.

मनकर्णाबाईंनी घरातून किल्ली आणली आणि साखळी काढली. द्वारकाबाईंनी मोबाईल धरला. कुंकवाखाली कोड दिसेना. त्यांनी पदराने घासले, नखाने खरवडले. तेलाने भिजलेला कागद फाटून हातात आला. माझे कुलूप काही उघडले नाही. मोबाईलवर सहा वाजून गेले. त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि लाल झालेल्या बोटांकडे बघत रडायला लागल्या.

आप्पासाहेबांनी चूळ भरून टाकली. "हार तेवढा सांभाळून, बाई."

आता मी पुन्हा स्टँडवर आहे. नवा कोड लागला आहे. द्वारकाबाई येत नाहीत. त्यांचे काम गेले, असे मनकर्णाबाई परवा इथेच शेजारणीला सांगत होत्या.

मित्रांनो, मला वापरा, पुसा आणि लगेच जागेवर आणून लावा. एवढे जमत नसेल तर माझ्याकडे फिरकू नका. पण माझी पूजा करून कुणाच्या पोटावर पाय देऊ नका.