रेस्टची डबल हाजरी

रिनाला स्वस्थ बसवत नसे. जेवायची ती ओट्याशी उभ्यानं, चहा प्यायची अंगणात फेऱ्या मारत, आणि सासूनं टीव्ही लावला की मालिका संपेपर्यंत घासलेली भांडी पुन्हा घासून काढायची. घुग्घुसच्या कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी आहे. बोलायला काय जातं! ती भिंगरी कुठून आली हे त्यांनाही ठाऊक होतं, पण तोंडावर कोण काढणार तो विषय?

तिचा नवरा निकेश एके दिवशी कोळसा खाणीतली पाळी संपवून घरी आला तो छाती धरूनच. रिनानं त्याला खाणीच्या दवाखान्यात नेलं. आतून कोणीतरी म्हणालं, "बाई, तुमी बाहेर बसा." रिना बसली. पर्स मांडीवर घेऊन, शहाण्या बाईसारखी बाकड्यावर बसून राहिली. डॉक्टर-नर्सांनी काही कसर ठेवली नाही, हे तिलाही मान्य होतं. पण ती बसलेली असतानाच आत त्याचा जीव गेला, आणि त्या बसण्याचा राग तिच्या डोक्यातून कधी गेलाच नाही. पुढे निकेशच्या जागी तिला खाणीच्या ऑफिसात नोकरी लागली, पाणी द्यायची आणि फायली पोचवायची.

त्या नोकरीत साहेबलोक मोठ्या मायेनं म्हणायचे, "बसा न रिनाबाई, काय धावपळ करता!" आणि तिचं डोकं उठायचं. म्हणून खाणीनं डंपर चालवण्याच्या ट्रेनिंगसाठी बायकांचे अर्ज मागवले, तेव्हा पहिला अर्ज तिचा पडला. डंपर म्हणजे घराएवढी गाडी, आत चढायलाच शिडी. कोळसा भरून घ्यायचा, नेऊन ओतायचा, परत यायचं.

"त्यातबी बसाच लागते नं वं," सासू सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"ते बसनं चालते आई. चाक फिरते नं."

मेडिकलमध्ये मात्र घोडं अडलं. बीपी जास्त निघालं, वजनही जास्त. डॉक्टर म्हणाले, महिन्यानं परत या, ती शेवटची तपासणी. तोवर व्यायाम करा, झोप नीट घ्या. व्यायामाचं ऐकून रिना उठलीसुद्धा. झोपेचं काय ते तिच्या पाठीला सांगितलं गेलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं जिम लावली. जिम मेन रोडवर, टाइल्सच्या दुकानावर. खालून कोळशाचा ट्रक गेला की भिंतीवरचे आरसे थरथरायचे, आणि डंबेल उचललं की तळव्यावर काळं उमटायचं. सकाळी बायकांची बॅच मोनाली घ्यायची. एटापल्लीकडची पोरगी, कबड्डी खेळून अंगानं चिवट झालेली. तिचं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये असायचं, पण कोणाची पाठ वाकली की तिला न बघता कळायचं.

"ताई, नवीन मानसानं हप्त्यातून तीनच दिवस यायचं," तिनं पहिल्या दिवशीच सांगितलं. "एक दिवस आड. थोडं थोडं वाढवायचं."

"आन् मधातल्या दिवशी?"

"रेस्ट."

"रेस्टमंदी काय करायचं?"

मोनालीनं मोबाईल खाली ठेवला. "काईच नाई. थोडं चाला. जेवा, झोपा. व्यायामानं अंग थकते ताई, रेस्टमंदी बनते."

आता ही गोष्ट दुसऱ्या कोणा बाईला सांगितली असती तर ती खुशाल घरी जाऊन झोपली असती. पण रिना खाणीतली. खाणीत आठवड्याच्या सुट्टीला रेस्ट म्हणतात, आणि रेस्टच्या दिवशी कामावर बोलावणं आलं तर डबल हाजरी पडते, एका दिवसाचे दोन दिवसांचे पैसे. त्या हाजरीसाठी माणसं साहेबामागे फिरतात, लग्नाची वरात सोडून पाळीवर जातात. निकेशनं तर उभ्या जन्मात एक रेस्ट घरी काढली असेल तर शपथ. रिनानं मोनालीचं म्हणणं आपल्या हिशेबानं लावून घेतलं: अंग रेस्टमध्येच बनत असेल, तर रेस्टच्या दिवशी मेहनत केली की दुप्पट बनणार. सरळ आहे! ही पोरगी आपल्याला आळशी समजते आहे, एवढंच.

मोनाली संध्याकाळी नसायची. मग काय, रिना ठरल्या दिवशी सकाळी यायची आणि मधल्या दिवशी संध्याकाळी. पुढे पुढे दोन्ही वेळा. पहिल्या आठवड्यात अंग दुखलं तेव्हा तिला बरं वाटलं, काहीतरी होतं आहे असं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात ती जिना आडवी होऊन उतरायला लागली. नंतर झोप उडाली. अंथरुणावर पडलं की काळीज धाडधाड वाजायचं, मांडीत गोळे यायचे, आणि ती छताकडे बघत सकाळ व्हायची वाट पाहायची. सकाळ झाली की पुन्हा जिम. ऑफिसात तिच्या हातून पाण्याचे ग्लास दोनदा सुटले. साहेब म्हणाले, "बसा न बाई जरा." ती तिथून निघूनच गेली.

मेडिकल चार दिवसांवर आलं आणि मोनालीनं तिला पकडलं. सुटलेला अंबाडा बांधायला रिनाचा हात डोक्यापर्यंत जाईना.

"ताई, तुमी सांजेलाबी येऊन राह्यल्या काय?"

"नाई वं."

"खोटं नका बोलू. हात वर करा बरं."

हात खांद्याशी आला आणि तिथंच अडला. मोनाली चिडली. "मी काय सांगतलं होतं तुमाले? असं केल्यानं बीपी उतरते काय? चढते! आता मेडिकल होईपर्यंत इथी पाय ठेवायचा नाई."

"माह्या जिवाचं तुले काय समजते?" रिना ओरडली. सगळ्या बायका बघायला लागल्या. "तुले रेस्ट म्हन्याले काय लागते? घरी बसून मी काय करू, सांग!"

 मोनालीनं चप्पल रिनाच्या पायापुढे सरकवली, कारण रिनाला वाकता येत नव्हतं.

मेडिकलच्या आदल्या दिवशी रविवार होता, रिनाची रेस्ट. जिमही बंद. सकाळपासून तिनं गोधड्या धुतल्या, माळा झाडला, झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. उन्हं उतरली तेव्हा करायला काही उरलं नाही आणि तिचा जीव कासावीस झाला. सत्यशीलाबाई दारात लाखोळीची डाळ निवडत होत्या. निकेशची माय ती. तिचाही पोटचा पोर गेला होता, पण ती रोज या दारात बसायची.

"इकडे ये. बस माह्यापाशी."

"काम हाये आई."

"काई काम नाई." म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. "रिना, तू त्या दिवशी बसली नसती, उभी राह्यली असती, तरी तो गेलाच असता."

इतक्या दिवसांत हे वाक्य या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. रिनाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तरातरा आत गेली, कोपऱ्यातला तांदळाचा कट्टा, लहानसं पोतंच ते, तिनं छातीशी कवटाळला आणि उठाबशा काढायला लागली. रेस्टचा दिवस आहे, डबल होणार, डबल होणार, असं ती स्वतःशी पुटपुटत होती. शेवटी कट्टा हातातून निसटला आणि ती त्याच्या शेजारी गुडघ्यांवर आली. म्हातारी दारातून बघत राहिली. रिना भिंतीला धरून उठली आणि भात टाकायला गेली.

रात्र तशीच गेली. सकाळी दवाखान्यात नंदिनी सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला आणि आकडा बघून तोंड वाकडं केलं.

"वजन जमलं, पन बीपी एकशे साठ, शंभर. मागच्यापेक्षा जास्त! धावत आल्या काय?"

"नाई."

"मंग इतक्या थरथरून काऊन राह्यल्या? डॉक्टर राउंडले गेले. ते येऊन सही करतीन त्याच्या आधी एकडाव परत लावतो, मंग माह्या हातात काई नाई. तवर बाहेर बाकड्यावर बसा. पाय खाली टेकवा, बोलू नका, फोन पाहू नका. नुसतं बसा."

बाहेर बाकडं तेच होतं. रंग नवा लावला होता, पण जागा तीच, समोरचं दारही तेच. रिना त्याच्यासमोर उभी राहिली. मग व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. सिस्टरनं आतून आवाज दिला, "बाई, फिरू नका म्हटलं नं!" रिना फाटकाकडे बघू लागली. निघून जावं. डंपर गेला खड्ड्यात. पण डंपर गेला तर ऑफिस राहणार, ग्लास राहणार, फायली राहणार, आणि ते "बसा न बाई" जन्मभर राहणार.

ती आणखी एक फेरी मारायला वळली आणि मांड्यांनी तिचं ऐकलं नाही. महिनाभर राबवलेले पाय एकदम लटपटले. बाकडं मागेच होतं, म्हणून ती पडली नाही. बसली.

उठायचा प्रयत्न तिनं केला. उठता येईना. समोर दार बंद होतं. तिला निकेशचे काळे पडलेले बूट आठवले, जे त्या दिवशी सिस्टरनं बाहेर आणून तिच्या पायाशी ठेवले होते. घाई करा, आत जा, काहीतरी करा, असं सगळं अंग ओरडत होतं, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. तेव्हाही नव्हतं. उभी राह्यली असती तरी गेलाच असता. म्हातारीचा आवाज आता तिला टोचला नाही. रिना रडली. आवाज न करता, पाय खाली टेकवून, सिस्टरनं सांगितल्याप्रमाणे न बोलता भरपूर रडली.

दार उघडलं आणि तिनं झटकन मान वर केली. आतून पायाला बँडेज बांधलेला एक म्हातारा लंगडत आला.

"सरका थोडं बाई," म्हणत तो शेजारी टेकला आणि पायावरच्या माश्या हाकलत बसला. रिनाही बसून राहिली. व्हरांड्यात कोवळं ऊन आलं होतं. कोणाचं तरी लेकरू सुईच्या भीतीनं भोकाड पसरत होतं. हळूहळू खांदे खाली आले आणि भिंतीला टेकलेल्या पाठीला किती दिवसांनी कळलं की ती थकली आहे.

सिस्टर यंत्र घेऊन बाहेरच आली. रिनाच्या ओल्या गालांकडे बघत तिनं दंडाला पट्टा बांधला. पट्टा फुगला, सैल झाला. तिनं खात्रीसाठी पुन्हा एकदा लावला.

"एकशे अडतीस, शहाऐंशी. एकशे चाळीसच्या आत! झालं बाई तुमचं! डॉक्टर आले, उठा, सही घेऊन टाकू."

रिनानं पदरानं तोंड पुसलं.

"थांबा नं सिस्टर," ती म्हणाली. "मी आजून थोडी बसतो."