तीन लांब भोंगे

"वाढ की गं भराभर, पोरं ताटं वाजवायला लागलीत," शाळेच्या स्वयंपाकघरात नॉर्मा म्हणाली, आणि तेवढ्यात आयडेलाच्या कमरेचा पेजर कोकलला.

"बीच फोर्क रस्ता, खिंडीखालचं शेवटचं घर. घराला आग. धूर रस्त्यावरून दिसतोय."

आयडेलानं डाव घेवड्याच्या पातेल्यात तसाच सोडला. बीच फोर्कच्या टोकाला एकच घर होतं, आणि त्यात तिचा सख्खा धाकटा भाऊ राहत होता. हॉबर्ट. तीन वर्षं झाली, बहीणभावात शब्द नव्हता.

"हॉबर्टचं घर?" नॉर्माचा चेहरा पडला. "तू नको जाऊस गं. टँकर चालवील दुसरं कोणीतरी."

"कोण चालवील? तुझा नवरा? त्याला गवत कापायचं यंत्र धड चालवता येत नाही."

"मग माझ्या पोराकडे, लेव्हायकडे बघ जरा. तो एव्हाना पोचलासुद्धा असेल."

आयडेलानं ॲप्रन काढला आणि मागच्या दारानं धूम ठोकली. अग्निशमन दल म्हणजे काय, तर चर्चमागची पत्र्याची शेड, दोन म्हाताऱ्या गाड्या आणि हातातलं काम टाकून धावत सुटणारी माणसं. कोणी लाकडाच्या गिरणीतला, कोणी टपाल वाटणारा. आयडेला शाळेत पोरांना जेवायला वाढायची आणि आग लागली की टँकर चालवायची. पगार एकालाही नव्हता. घरच्यांची बोलणी मात्र सगळ्यांना फुकट मिळायची.

चढाच्या वळणांवर टँकर कण्हत होता. भांडण आईवरून झालं होतं. शेवटी शेवटी म्हातारीला कोणी ओळखू येईना, पेटत्या शेगडीवर हात ठेवायची, म्हणून आयडेलानं तिला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. "आईला परक्यांच्या दारात टाकून आलीस," असं हॉबर्ट म्हणाला, तेही दफनाच्या दिवशी, सगळ्यांदेखत. तेव्हापासून अबोला. या डोंगरात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, माणूस ओळखीचा असो नसो. बहिणीसाठी हॉबर्टचं बोट कधी उचललं गेलं नाही. मग तिनंही नाद सोडला. पण त्याच्या घरावरून जाताना अंगणात निळी गाडी उभी दिसली की तिला बरं वाटायचं. आहे मेला, घरीच आहे.

म्हणून शेवटच्या वळणावर तिनं आग बघितली नाही, आधी अंगण बघितलं. अंगण रिकामं होतं. निळी गाडी नव्हती.

"देवा, तुझे उपकार रे बाबा," ती मोठ्यानं म्हणाली आणि टँकर फाटकातून आत घातला.

घराचं छप्पर चुलीच्या बाजूनं पेटलं होतं. दलाचा प्रमुख ऑर्विल, पूर्वीचा खाणकामगार, खोकत खोकत तिच्याकडे आला. लेव्हाय आणि ट्रॅव्हिस ही दोन तरणी पोरं पाठीवर हवेचे सिलिंडर चढवून तयारच होती.

"आत आहे का कोणी?" ऑर्विलनं विचारलं. "तुझाच भाऊ आहे म्हणून विचारतो."

"नाही. गाडी कुठाय त्याची?"

"नक्की ना?"

"अरे, हॉबर्ट गाडीवाचून संडासलासुद्धा जात नाही."

लेव्हाय फिस्सकन हसला. ऑर्विलही हसला, आणि आयडेलाला तर हसू आवरेना, इतका जीव हलका झाला होता. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. या खोऱ्यात माणूस घरी आहे की नाही हे दार वाजवून कोणी बघत नाही, अंगणात गाडी बघतात. टपालवाला तेच करतो, पाद्री तेच करतो.

"मग घर गेलं असं समजा," ऑर्विल म्हणाला. "जंगल वाचवा. पाणी वरच्या उतारावर मारा."

बोलला ते चूक नव्हतं. उन्हाळा संपल्यापासून पावसाचा थेंब नव्हता. घरामागे ओकचा पाचोळा गुडघाभर साचला होता. तो पेटला असता तर खोऱ्यातलं एक घर उरलं नसतं. ओढाही आटलेला, म्हणजे टँकरमध्ये होतं तेवढंच पाणी. शेजारच्या गावाचा टँकर निघाला होता, पण त्याला घाट ओलांडून यायचं होतं.

आयडेला पंपापाशी उभी राहिली. पाणी किती उरलं हे दाखवणारे दिवे तिथं एकाखाली एक होते. वरचे हिरवे होते, ते विझले. पिवळा लागला. पोरांनी उतार भिजवून काळा केला होता, लाकडाची खोपटी वाचवली होती. मनासारखं काम चाललं होतं.

तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा आवाज आला आणि निळी गाडी फाटकाशी थांबली. मागे गवताच्या पेंढ्या रचलेल्या. आयडेलाच्या तोंडावर आलंच होतं, आलास का रे बाबा. पण दार उघडून एमिट उतरला, खालच्या वळणावरचा शेजारी.

"हॉबर्ट कुठाय?" एमिट ओरडला.

"तुझ्याबरोबर नाही तो?"

"माझ्याबरोबर कशाला असेल? मी सकाळी गाडी मागून नेली त्याची. त्याची पाठ धरली होती गं, अंथरुणातच होता. म्हणाला, किल्ली खुंटीला आहे, घे जा."

"ऑर्विल!" आयडेला किंचाळली. "आत आहे! ऑर्विल, आत आहे रे तो!"

ऑर्विलनं तिच्याकडे एकदाच बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यानं पोरांना खूण केली. लेव्हाय आणि ट्रॅव्हिस पाइप ओढत पुढच्या दारानं आत घुसले आणि धुरात दिसेनासे झाले. ऑर्विल कुऱ्हाड घेऊन मागच्या बाजूला पळाला.

पिवळा दिवा विझला. लाल लागला.

"निजायची खोली डावीकडे!" आयडेला रेडिओवर सांगत होती. "दार आत उघडतं. खाटेखाली बघा."

"खाट रिकामी आहे मावशी," लेव्हायचा आवाज मास्कमधून घोगरा आला. "न्हाणीघर बघतो. धूर लई आहे."

"ऑर्विल, पाणी संपत आलंय," ती म्हणाली. उत्तर आलं नाही. मागच्या बाजूला कशाचा तरी कडाडून आवाज झाला.

लाल दिवा लुकलुकायला लागला.

त्याचा अर्थ दलात सगळ्यांना पाठ होता. आत माणसं असली आणि लाल दिवा लुकलुकला की पंपावरच्यानं कोणाला विचारायचं नाही. दोरी ओढायची. तीन लांब भोंगे. ते ऐकले की आतल्यानं असेल तिथून वळायचं, कोणी हाताला लागलं नसेल तरी वळायचं. कारण पाइप कोरडा पडला की परतीची वाट राहत नाही. नव्या पोरांना हे शिकवणारी आयडेलाच होती. लेव्हायलाही तिनंच शिकवलं होतं. हुकूम ऑर्विलनं दिला असता तर तिनं पुढं आयुष्यभर त्याला शिव्या दिल्या असत्या आणि रात्री निवांत झोपली असती. पण तो मागे होता आणि रेडिओ गप्प होता.

अजून थोडं, तिला वाटलं. न्हाणीघर झालं की एक स्वयंपाकघरच राहतं. थोडंसंच. माझा भाऊ आहे रे देवा. आणि मीच म्हटलं गाडी नाही म्हणून, मीच पाणी पाचोळ्यावर ओतायला लावलं.

मग छपराचा मधला वासा खाली वाकलेला तिला दिसला. आत दोन पोरं होती. लेव्हायची मुलगी अजून रांगत नव्हती.

तिनं दोरी ओढली. एक. भोंगा डोंगरावर आपटून परत आला. दोन. ती रडत होती, आणि हात मात्र शिकवल्यासारखा चालला होता. तीन. हॉबर्ट आत ऐकत असेल तर त्यालाही भोंग्याचा अर्थ ठाऊक होता. टँकरवर तिच्या आधी तोच होता.

ट्रॅव्हिस रांगत बाहेर आला. त्याच्यामागून लेव्हाय. अंगणाच्या मध्यावर पोचतायत तोच छप्पर बसलं.

शेजारच्या गावाचा टँकर आला, आग निवली. मग ऑर्विल आणि त्या गावची माणसं मागच्या बाजूनं ढिगारा उपसायला लागली. लेव्हायला ऑर्विलनं जवळ येऊ दिलं नाही. तो अंगणात गवताच्या पेंढीला टेकून बसला होता, तोंड काळं, डोळे लाल. आयडेला टँकरचे पाइप गुंडाळत राहिली. दोघांनी येऊन तिच्या हातातून काढून घ्यायला बघितलं, तिनं दिले नाहीत.

ऑर्विल आला तेव्हा त्यानं हेल्मेट काढून हातात घेतलं होतं.

"मिळाला," तो म्हणाला. "आयडेला, आपण यायच्या आधीच गेला होता तो. धुरानं, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत, झोपेतच. कळलंसुद्धा नसेल त्याला. गाडी अंगणात असती तरी काही फरक पडला नसता."

हे वाक्य आयडेलाला नवं नव्हतं. या खोऱ्यातल्या कितीतरी ओसऱ्यांवर उभं राहून तिनं स्वतः ते म्हटलं होतं, कधी खरं असायचं म्हणून, कधी नसायचं म्हणून. लोक ऐकून घ्यायचे आणि आभार मानायचे. खरं कोणतं ते तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"मला बघू दे," ती म्हणाली.

"नको गं."

"बघू दे म्हटलं ना."

त्याला घरामागच्या झाडाखाली ठेवलं होतं, वर पिवळी ताडपत्री. ताडपत्री आखूड पडली होती. खालून बूट दिसत होते. दोन्ही बुटांच्या नाड्या बांधलेल्या, गाठ मारलेल्या. बाजूला अर्धवट जळालेला टॉवेल पडला होता, अजून ओला. ढिगारा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशीच उपसलेला होता, उंबऱ्यापासून दोन हात आत. बूट घालून, टॉवेल भिजवून तोंडावर धरून तो दारापर्यंत आला होता. भिंतीपलीकडे पोरं त्याला शोधत होती.

ऑर्विल तिच्याकडे बघत नव्हता, झाडाकडे बघत होता.

"मावशी?" घराच्या कोपऱ्यावरून लेव्हायचा आवाज आला. न राहवून उठून आला होता तो, अडखळत.

आयडेला चटकन खाली बसली. टॉवेल उचलून तिनं कोटाच्या आत कोंबला, ताडपत्री ओढून बुटांवरून घेतली आणि कडा नीट खोचली. डोक्याकडच्या बाजूनं थोडे केस उघडे पडले, ते हातानं झाकले.

लेव्हाय जवळ येऊन उभा राहिला. "मावशी, मी स्वयंपाकघरापर्यंत पोचलो असतो गं. भोंगा झाला म्हणून वळलो. अजून थोडं गेलो असतो तर—"

"काही उपयोग नव्हता रे," आयडेला म्हणाली. "आपण यायच्या आधीच गेला होता तो. खुर्चीतच, झोपेत."

"नक्की?"

"नक्की. मी बघितलं ना आत्ता." तिनं त्याचा हात धरला आणि उठली. "चल, तुझ्या आईला फोन कर. ती वाट बघत असेल."