राखणेची विडी

विडी सोडणं सोपं असतं असं सांगणारे लोक काशीरामला रोज भेटत, आणि त्यांतल्या एकानेही जन्मात विडीला हात लावलेला नसे. त्याच्या तरीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसून "मनावर घेतलं की झालं" म्हणायचं, पैलतीर आलं की वहाणा हातात घेऊन चालू पडायचं. त्यांचं काय जातं? वल्हं मारायचं काशीरामने, आणि मनाशी झगडायचंही त्यानेच.

गोष्ट एकतीस-बत्तीस सालची. भाट्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. राजिवड्याकडची माणसं भाट्याला सोडायची आणि तिकडची इकडे आणायची, हे काशीरामचं काम. पावसचे बागायतदार, कोर्टाच्या तारखेला निघालेले भाऊबंद, माहेरवाशिणी, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळे त्याच्या तरीतून जात. दुसऱ्या वल्ह्यावर भागोजी. तीस वर्षं दोघांना घड्याळ लागलं नव्हतं. या काठाला विडी पेटवायची, त्या काठाला थोटूक पाण्यात टाकायचं. ओहोटीची ओढ असली तर दीड विडी. किती वेळ लागेल असं कोणी विचारलं तर काशीराम विड्यांतच सांगायचा, आणि विचारणाऱ्याला ते बरोबर समजायचं.

तर अशा माणसाने गणपती पाण्यात सोडले त्या दिवशी विडी सोडली. हौस नव्हती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं होतं आणि त्याच्याशी न बोलता येसूला, त्याच्या बायकोला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई, आणखी एक वर्ष हा माणूस असाच ओढत राहिला तर मी काही करू शकणार नाही." येसूने ते घरी येऊन शब्दाला शब्द सांगितलं, आणि मग भात चढवला. रडली वगैरे नाही. पण त्या दिवशी भात लागला, आणि येसूचा भात लागतो म्हणजे काय ते काशीरामला कळलं.

आठ दिवस त्रास होईल, मग सुटलास, असं सगळे म्हणाले होते. कसले आठ दिवस! अडीच महिने झाले तरी खोकला होता तसाच, उलट जास्तच. सकाळी उठला की छातीतून काळं-पिवळं काय काय निघायचं. "छाती साफ होतेय, होऊ दे," डॉक्टर म्हणाले. तोंड आलेलं. पोट तीन-तीन दिवस साफ नाही. भूक मात्र अशी की दोन माणसांचं जेवून उठायचा आणि वल्ह्याशी बसल्यावर पुन्हा खायला शोधायचा. हातांना काम असलं तरी बोटांना नव्हतं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत राहायची, आणि भागोजी ते बघून तोंड फिरवायचा. बिचारा स्वतःची विडी आता तरीच्या पार टोकाला जाऊन, वारा बघून ओढायचा. एवढी माया सख्खा भाऊ करत नाही.

हे सगळं सोसलं असतं काशीरामने. त्याला भीती वाटायची ती दुसऱ्याच गोष्टीची. त्याला रडू यायचं. पन्नाशीचा गडी, तीन वादळं बघितलेला, आणि एक म्हातारी तरीतून उतरताना "सुखी रहा रे बाबा" म्हणाली तर याचे डोळे भरले. राग यायचा तोही तसाच, काही कारण नसताना. एका उतारूने ओला पाय त्याच्या घोंगडीवर ठेवला म्हणून त्याने भर खाडीत होडी थांबवली आणि भागोजीने समजूत घातली तेव्हा पुढे नेली. विडीबरोबर आपल्यातला शहाणा माणूसही गेला, मागे हा कोण उरलाय, असं त्याला वाटायचं. आणि एका झुरक्यात तो शहाणा माणूस परत येईल, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या रागाचा मोठा वाटा अर्थातच येसूच्या पदरात पडत होता. पंधरा दिवस रोज जेवणावर एकच तक्रार. "खारट झालंय." दुसऱ्या दिवशी, "आजही खारट." शेवटी एक दिवस मुडदुशांचं कालवण समोर आलं, त्याने एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "अख्खं मिठागर ओतलंस काय गो? हात मोडलाय तुझा?"

येसू उठली. आत गेली आणि दुसरी एक लहान वाटी घेऊन आली. "हे खावन बघा."

त्याने बघितलं. कालवण तेच, मुडदुशे तेच, पण काय चव! नारळ लागत होता, तिरफळ लागत होतं, माशाची गोडी लागत होती. "मग हे का वाढलं नाहीस?"

"ते माझं," येसू म्हणाली. "तुमचं मी वेगळं काढते. लग्न झाल्यावर दुसऱ्या वर्षापासनं तुमाला सगळं अळणी लागायला लागलं. आई म्हणायच्या, सुनेच्या हाताला चव नाय. तेव्हापासनं तुमच्या वाटीत वरनं मीठ घालते, तिखट घालते. विडीनं तुमची जीभ मेलेली, दुसरं काय करणार. आता जीभ जिवंत झाली हे मला कुठं ठावक? तुमी सांगितलंत ते शिव्या घालून."

काशीरामने वाटीतला आणखी एक घास घेतला. तीस वर्षं ही बाई रोज दोन भांडी करत होती आणि त्याला पत्ता नव्हता. त्याला पुन्हा रडू आलं. या खेपेस त्याने कालवणाच्या तिखटावर ढकललं. येसूने ते खरं मानल्यासारखं दाखवलं आणि भात वाढला.

इथवर ठीक होतं. पण कार्तिकातली अवस जवळ येत चालली होती, आणि काशीरामच्या घरात कार्तिकी अवस म्हणजे राखण.

त्याच्या वाडीच्या तळाला, उंडीच्या झाडाखाली, एक जांभा दगड होता. ती राखणदाराची जागा. माडांवर, विहिरीवर, घरावर नजर ठेवणारा तो. वर्षातून एकदा, देवदिवाळीच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला, त्याला भाकरी, नारळ आणि पेटती विडी द्यायची. पेटती म्हणजे नीट पेटलेली. घरच्या माणसाने तोंडात धरून चांगली ओढायची, टोक लाल झालं की दगडावर ठेवायची, आणि शेवटपर्यंत जळली तर त्याने घेतली असं समजायचं. मधेच विझली तर वर्ष धड जायचं नाही. काशीरामच्या बापाने त्याला बाराव्या वर्षी ही विडी पेटवायला शिकवली होती. त्याच्या आयुष्यातली पहिली विडी तीच. म्हणजे व्यसन लागलं ते देवाच्याच कामात, आता कोणाला बोल लावणार?

आणि सुटलेलं व्यसन पुन्हा लागलं तेही तिथेच. गेली दोन वर्षं असंच झालं होतं. दोन्ही वर्षी राखणेच्या आठ-दहा दिवस आधी विडी सोडली, दोन्ही वर्षी राखणेला झुरका घेतला. "हा आपला नाय, त्याचा," असं म्हणून घेतला. पण छातीला देवाचा कुठला आणि आपला कुठला ते कळत नाही. पहिल्या वर्षी घरी पोचेपर्यंत दुसरी पेटली होती. दुसऱ्या वर्षी त्याने चार दिवस तग धरला, आणि पाचव्या दिवशी भागोजीच्या चंचीत हात घातला. आता तिसऱ्यांदा तसं झालं तर डॉक्टरांचं वर्ष मोजायला सुरुवात. मुलगा मुंबईला गिरणीत, तो शिमग्याशिवाय येणार नाही. परक्याच्या हातची विडी राखणदाराला चालत नाही. पेटवणार कोण? काशीरामच.

गंमत अशी की अवस चार दिवसांवर आली तसा काशीराम एकदम गुणी झाला. तरीत कोणावर ओरडणं नाही. घरी ताट सरकवणं नाही. वल्हं मारताना गुणगुणायलासुद्धा लागला. "सुटली वाटतं तुझी," भागोजी खूश होऊन म्हणाला, "तोंडावर तेज आलंय."

येसूला मात्र तेज वगैरे काही दिसलं नाही. तिने नवऱ्याला तीस वर्षं बघितलं होतं. शिमग्याला मुलगा येणार असला की हा असाच चार दिवस आधीपासून वागतो, हे तिला ठाऊक होतं. हा कशाची तरी वाट बघत होता.

अवसेला तिन्हीसांजेला काशीरामने आंघोळ केली, धुतलेला पंचा नेसला, पाटीत भाकरी-नारळ ठेवला. विडी त्याने स्वतः वळून आणली होती. एकच हवी, पण पंच्याच्या गाठीला तीन होत्या. एखादी वाकडी जळली, पाऊस लागला, तर असाव्या, असं तो मनाशी म्हणाला. कार्तिकात पाऊस कुठला? स्वतःला फसवताना माणूस असल्या बारीकसारीक गोष्टींची काळजी घेतो.

येसू मागून दिवा घेऊन आली. दरवर्षी ती विहिरीपर्यंत येऊन थांबायची. आज थांबली नाही. उंडीखाली येऊन दगडाजवळ उकिडवी बसली.

काशीरामने भाकरी ठेवली, नारळ फोडला. विडी काढली. कोरड्या पानाचा वास नाकाला लागला मात्र, त्याच्या सगळ्या तोंडाला पाणी सुटलं. विडी दोनदा ओठांपाशी येऊन परत गेली. समोर येसू दिवा धरून बसली होती. तिने एक शब्द बोलावा, ओरडावं, रडावं, म्हणजे तरी रागाने पेटवता येईल, असं त्याला वाटलं. तिने दिव्याला पदराचा आडोसा धरला.

तो तिच्यासमोर खाली बसला.

"येसू," तो म्हणाला, "ही तोंडाला लागली तर मी आता सोडणार नाय. मला माहीत हाय. चार दिवस मी हिचीच वाट बघतोय. गाठीला आणखी दोन हायत."

"ठावक हाय," येसू म्हणाली. "गाठ दिसते. द्या हिकडं."

त्याने गाठीतल्या दोन्ही काढून तिच्या हातावर ठेवल्या.

"तीपण द्या."

"ही राखणेची. घरच्या माणसानं पेटवायची असते."

"मग मी कोण? तीस वर्षं ह्या घरात रांधते, माडांना पाणी घालते, तो मला वळखत नसंल?" तिने त्याच्या बोटांतून विडी काढून घेतली आणि तोंडात धरली.

"उलटी धरलीस," काशीराम म्हणाला.

तिने फिरवली. दिव्यावर टोक धरून अशी जोरात ओढली की दुसऱ्या क्षणाला खोकून खोकून दुमडली. डोळ्यांतून पाणी, नाकातून धूर. विडी विझली. काशीराम घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. तिने तोंड पुसलं आणि पुन्हा लावली. पुन्हा विझली.

"आत घेऊ नको," तो म्हणाला. "गालात धर, सोड. हळू. एवढी घाई नाय. हां. आता परत." आपल्या बापाने आपल्याला जसं सांगितलं होतं तसंच तो सांगत होता, आणि हाताच्या मुठी घट्ट आवळून बसला होता. धूर त्याच्या तोंडावर येत होता आणि जीव कासावीस होत होता. येसूच्या ते ध्यानात आलं. ती बसल्या बसल्या सरकून वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला गेली आणि मग ओढू लागली.

तिसऱ्या खेपेस टोक लाल झालं. तिने विडी दगडावर नीट ठेवली, पदर सारखा केला आणि हात जोडले. देवापुढे गाऱ्हाणं घालणं हेही पुरुषाचं काम, पण काशीराम अजून मुठी आवळून बसला होता.

"बा म्हाराजा," येसू म्हणाली, खोकत, घसा बसलेल्या आवाजात, "आजपासनं तुझी विडी माझ्या हातची. जशी जमंल तशी गोड मानून घे. ह्यांच्या तोंडची आता मागू नको. ती मी मागून घेतलीय. तुला वाडी राखायची हाय, मला हा माणूस राखायचाय. आपण दोघांनी आपापलं काम करूया."

गाऱ्हाण्याला होकार द्यावा लागतो, त्याशिवाय ते पुरं होत नाही. तिथे होकार द्यायला एकटा काशीराम होता.

"होय म्हाराजा," तो म्हणाला. मग रडला. या वेळी कालवणावर ढकलायला काही नव्हतं, आणि त्याने ढकललंही नाही.

विडी जळून संपेपर्यंत थांबायचं असतं. दोघं बसून राहिली. येसू मधूनमधून थुंकत होती आणि पदराने जीभ पुसत होती. मग ती त्याच्याकडे वळली.

"ह्या असल्या घाणेरड्या चवीसाठी," ती म्हणाली, "तीस वर्षं जेवण झालं की मला आत एकटी टाकून पडवीत जाऊन बसत होतात?"

दगडावरची विडी आता पेरभर उरली होती, आणि ती अजून जळत होती. काशीराम सरकून येसूच्या जवळ बसला.