खुटासकट अळंबी

लालबागच्या खोलीत येऊन मेघनाने डोंगरातून आणलेल्या पुड्या एकेक करून सोडल्या, आणि शेवटच्या पुडीशी तिचा चेहरा पडला. जांभळट टोपीची ती अळंबी बुडाशी नखाने खुडलेली होती. मेथीची जुडी निवडावी तशी.

"अप्पा, ही तुम्ही काढलीत?"

सासरे पंख्याखाली पाय पसरून बसले होते. "होय गो. बरी गावली मा?"

आंबोलीच्या वरचं रान अप्पांच्या लहानपणापासून पायाखालचं, म्हणून ती त्यांना बरोबर घेऊन गेली होती. मेघना परळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. डोंगरातल्या अळंब्या गोळा करायच्या, वाळवायच्या आणि नोंद करून हर्बेरियममध्ये, वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, ठेवायच्या, हे काम तिने हौसेने अंगावर घेतलेलं. ही जांभळी मात्र तिला कुठल्याच वर्णनात सापडत नव्हती. कदाचित त्या डोंगरावरची ही पहिलीच नोंद. पण देठाचं बूड नसेल तर नमुना घेणार कोण? अळंबीची अर्धी ओळख मातीखाली असते. शिवाय पाऊस सरत आलेला.

"आणि बूड?"

"ता थंयच. खुट मातयेत ठेवचो लागता, नायतर फुडल्या वर्सा येवचा नाय."

कोकणात पोर चालायला लागलं की हे शिकतं. मेघनालाही ते ठाऊक असायला हवं होतं, पण तेव्हा तिचं डोकं फिरलं होतं.

"इतकं सांगितलं होतं, खणून काढा म्हणून! तुम्हाला नेलंच कशाला मी?"

त्या घरात अप्पांशी असं कुणी बोलत नसे. तिचा नवरा, स्वप्नील, हातातला फोन ठेवून बघतच राहिला. अप्पा उठून गॅलरीत गेले. बाराव्याच्या जेवणातही दुसऱ्यांदा वाढून मागणारा माणूस, त्या रात्री ताटात माशाची कढी टाकून उठला. मेघनाला लाज वाटली, पण माफी मागायला जीभ रेटेना.

सकाळी अप्पा घरात नव्हते. इथेच भोईवाड्यातल्या मित्राकडे राहायला जातो, एवढंच ते स्वप्नीलला सांगून गेले होते. रुसले असतील, येतील आपोआप, असं म्हणत मेघनाने बाकीच्या अळंब्या बल्ब लावून गरम केलेल्या खोक्यात वाळत घातल्या. मनात मात्र सारखं टोचत होतं.

दोनेक दिवसांनी अप्पा दारात उभे राहिले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात स्टीलचा डबा.

"भोईवाड्यात बराच पाऊस झालेला दिसतो," स्वप्नील म्हणाला.

डब्यात ओलं शेवाळ होतं, आणि त्यात मातीच्या ढेकळासकट तीच जांभळी अळंबी. बूड छोट्या कांद्याएवढं, त्याला पांढरे धागे चिकटलेले. मेघनाला आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण अप्पा डब्याकडे बघतही नव्हते.

"राखणदाराक गाऱ्हाणा घातलंय," ते हळूच म्हणाले. रान राखणाऱ्या देवापुढे हात जोडून त्यांनी चुकीची माफी मागितली होती. "जल्मात पयल्यांदा खुटासकट काढलंय. आता थंय काय उगवाचा नाय. माझ्या हातान संपला ता."

मेघनाचा आनंद जागच्या जागी विरला. हवं ते मिळालं होतं, पण ते देताना म्हाताऱ्याचा जीव किती तुटला होता! ती त्यांच्याजवळ खाली बसली.

"अप्पा, त्या दिवशी मी नको ते बोलले. चुकलंच माझं. आणि हे धागे बघा. खरं झाड हे, लांबवर मातीत पसरलेलं. आपण नुसतं फळ काढलं. आंबा उतरवला म्हणून कलम मरतं का?"

"म्हणजे परत येतला?"

खात्री कुणाला देता येते? तिला खोटं बोलवेना.

"बहुतेक येईल. पुढच्या पावसात आपण दोघं जाऊन बघू."

"आणि नाय इला तर?"

"तर दोष माझा. राखणदाराला तसं मीच सांगेन."

अप्पांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुका गाऱ्हाणा घालूक येता?"

"नाही," मेघना म्हणाली. "तुम्ही शिकवा."